आरोग्य प्रश्नोत्तरे : लसिका, गाठी आणि प्रतिकारशक्ती

लसिकासंस्था आणि प्रतिकारसंस्था यांच्याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम झाली आणि ती चिघळली. दोन-तीन दिवसांत त्याच बाजूच्या जांघेत अवधाण आले. जखम खाली पायाला असताना गाठ इतक्या वर का यावी? ही गाठ नेमकी कशाची असते?

उत्तर : ही गाठ नव्याने उगवलेली नसते. ती तेथे आधीपासूनच असलेली लसिकाग्रंथी असते. एरवी ती हाताला फारशी लागत नाही आणि आता सुजल्यामुळे जाणवू लागली आहे. ती नेमकी जांघेतच का सुजली हे कळण्यासाठी आधी लसिका म्हणजे काय ते पाहावे लागेल.

रक्त अतिशय बारीक अशा केशवाहिन्यांतून जात असताना त्यातील पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने वाहिनीच्या भिंतीतून बाहेर झिरपतात आणि पेशींच्या मधल्या जागेत उतरतात. पेशींना पोषण मिळते आणि त्यांनी टाकलेले पदार्थ वाहून जातात ते याच द्रवामार्फत. झिरपलेल्या द्रवापैकी जो भाग थेट रक्तात परतत नाही, तो लसिकावाहिन्या उचलतात. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी साधारण ३ लिटर द्रव या मार्गाने रक्तात परत येतो. शरीरातील एकूण रक्तद्रवाचे प्रमाणही जवळपास तेवढेच असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा मार्ग किती महत्त्वाचा आहे याची कल्पना येईल. लसिकावाहिन्यांत शिरल्यावर या द्रवाला लसिका म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी पाण्यासारखी, किंचित पिवळसर असते; मात्र आतड्यांकडून येणारी लसिका जेवणानंतर दुधाळ दिसते, कारण पचलेला स्निग्धांश याच वाटेने रक्तात जातो. इटलीतील गास्पारे असेली यांना १६२२ मध्ये एका कुत्र्याच्या पोटात या पांढऱ्या रेषा दिसल्या. लसिकावाहिन्यांचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला, आणि तो अजून संपलेला नाही : मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या असतात हे २०१५ मध्ये ठळकपणे पुढे आले.

लसिकेला पुढे ढकलणारे हृदयासारखे स्वतंत्र इंद्रिय माणसात नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे आकुंचन, हालचालीत स्नायूंचा पडणारा दाब आणि श्वासाबरोबर छातीत होणारा दाबाचा फरक यांमुळे ती पुढे सरकते, आणि ठिकठिकाणच्या झडपांमुळे मागे येत नाही. वाटेत तिला लसिकाग्रंथींमधून जावे लागते. अशा ५०० हून अधिक ग्रंथी शरीरात विखुरलेल्या आहेत. पायाकडची लसिका जांघेतील ग्रंथींकडे, हाताकडची काखेतील ग्रंथींकडे, तर डोके, तोंड आणि घसा येथील लसिका जबड्याखालच्या व मानेतील ग्रंथींकडे जाते. म्हणून अंगठ्यातील जंतू आणि जंतूंचे तुकडे जांघेत पोहोचतात. काही लसिकेबरोबर वाहत येतात, तर काही डेंड्रिटिक पेशी उचलून आणतात. या पेशी जखमेच्या जागी जे सापडेल त्याचे नमुने घेऊन ग्रंथीत येतात आणि तेथील लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींना ते दाखवतात. ज्या थोड्या लिम्फोसाइटना तो नमुना ओळखता येतो, त्यांची संख्या झपाट्याने वाढू लागते. ग्रंथीकडे येणारे रक्त वाढते, बाहेर पडणाऱ्या पेशी काही काळ आतच अडवल्या जातात, आणि ग्रंथी फुगते, दुखते. अवधाण म्हणतात ते हेच.

तेव्हा अवधाण आले म्हणून घाबरू नये, पण अंगठ्याच्या जखमेवर मात्र उपचार करावेत. जखम बरी होऊ लागली की गाठही हळूहळू उतरते. जखमेपासून वरच्या दिशेने त्वचेवर लाल रेघ चढताना दिसली, थंडी वाजून ताप आला किंवा गाठ लाल होऊन मऊ पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ती रेघ म्हणजे लसिकावाहिनीचा दाह असतो आणि त्यावर प्रतिजैविके लागतात. मधुमेह असलेल्यांनी तर एवढीही वाट पाहू नये.

प्रश्न : मग कोणत्या गाठीची काळजी करायची?

उत्तर : जी दुखत नाही तिची अधिक. दुखरी, मऊ, जागची हलणारी आणि सर्दी-खोकला, दाताचा विकार किंवा जखम यांच्या सोबतीने आलेली गाठ बहुतेकदा संसर्गाची असते. चार आठवड्यांत न उतरणारी, वाढत जाणारी, घट्ट आणि खालच्या भागाला चिकटलेली गाठ तपासून घ्यावी. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागणारी गाठ लहान असली तरी दाखवावी, कारण छातीतील आणि पोटातील काही कर्करोग तेथे पहिल्यांदा दिसू शकतात. वजन घटणे, बरेच दिवस ताप राहणे, रात्री कपडे भिजतील इतका घाम येणे ही लक्षणे सोबत असतील तर क्षयरोग आणि लिम्फोमा या दोन्ही शक्यता तपासल्या जातात. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट पेशींपासूनच होणारा कर्करोग. गाठीत सुई घालून किंवा ती काढून तपासणे हा निदानाचा भाग आहे, आणि सुई लावल्याने रोग पसरतो या भीतीपोटी तपासणी टाळणे फार महागात पडते.

प्रश्न : मी बारावीची विद्यार्थिनी आहे. उपजत आणि संपादित प्रतिकारशक्ती, प्रतिजन आणि प्रतिपिंड, बी पेशी आणि टी पेशी या जोड्यांमध्ये माझा नेहमी गोंधळ होतो. प्रतिजन म्हणजे जंतूच ना?

उत्तर : नाही, आणि गोंधळाचे मूळ बहुधा येथेच आहे. प्रतिजन म्हणजे असा रेणू, किंवा रेणूचा भाग, ज्याला प्रतिपिंड किंवा टी पेशीवरील ग्राही रेणू जाऊन चिकटू शकतो. एका जिवाणूच्या अंगावर असे अनेक प्रतिजन असतात. परागकणांवर असतात, आणि आपल्या तांबड्या पेशींवरही असतात : ए आणि बी रक्तगट हे त्या पेशींवरील प्रतिजनांवरूनच ठरतात. म्हणजे प्रतिजन हा रोगकारकच असेल असे नाही. तो फक्त ओळखता येण्याजोगा असतो.

आता पहिली जोडी. त्वचा, श्लेष्मल आवरण, जठरातील आम्ल, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांसारख्या भक्षकपेशी, रक्तातील पूरक प्रथिने ही सर्व उपजत प्रतिकाराची साधने होत. ती जन्मतः असतात, काही मिनिटांत वा तासांत कामाला लागतात आणि बऱ्याच जंतूंमध्ये समान असणाऱ्या खुणा ओळखतात. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा फिरत्या पेशींनी त्या काट्यांना वेढा घातलेला होता. पेशी परक्या वस्तूला गिळतात हा विचार त्यातून उभा राहिला. त्याच काळात रक्तद्रवातील पदार्थच रोगापासून वाचवतात असे मानणारा दुसरा पक्ष होता. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वाताच्या विषाला निष्प्रभ करणारा गुण रक्तद्रवात असतो हे दाखवून दिले होते. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे निघाले, आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि दुसऱ्या पक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले.

संपादित प्रतिकार हे लिम्फोसाइट पेशींचे काम आहे. तो सावकाश सुरू होतो, ठरावीक प्रतिजनापुरता असतो आणि लक्षात ठेवतो. बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारचे ग्राही रेणू असतात. तिला जुळणारा प्रतिजन भेटला आणि बहुतेक वेळा टी पेशीची अनुमतीही मिळाली, की तिच्या वंशातील काही पेशी प्रतिपिंडांचे कारखाने बनतात आणि काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. प्रतिपिंड हे वाय या इंग्रजी अक्षराच्या आकाराचे प्रथिन आहे. ते जंतूला स्वतः मारते असा समज आहे, पण बहुधा ते चिकटण्यापलीकडे फारसे काही करत नाही. त्या चिकटण्यामुळे विषाणूला पेशीत शिरता येत नाही, भक्षकपेशीला कोणाला गिळायचे ते कळते आणि पूरक प्रथिनांची साखळी सुरू होते. पहिल्या संसर्गात आधी आयजीएम आणि मागाहून आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे वाढतात, आणि त्याला आठवडाभर किंवा अधिक काळ लागतो. तोच जंतू पुन्हा आला, तर स्मृतिपेशींमुळे हे काम फार लवकर आणि जोमाने होते. लसीकरणात प्रत्यक्ष आजार न होऊ देता हीच पहिली ओळख करून दिली जाते. आयजीए लाळेत, अश्रूंत आणि आईच्या दुधात असते. आयजीजी वारेतून गर्भाकडे जाते, म्हणून नवजात बाळाला पहिले काही महिने आईच्या प्रतिपिंडांचा आधार असतो.

टी पेशींचाही उगम अस्थिमज्जेतच, पण त्या परिपक्व होतात छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत. या ग्रंथीचे काम १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी उलगडले. तोवर ती निरुपयोगी समजली जात असे, कारण वयात आल्यानंतर ती आक्रसत जाते. टी पेशी मोकळा प्रतिजन ओळखत नाहीत. दुसऱ्या पेशीने त्याचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर धरून दाखवला, तरच तो त्यांना दिसतो. मारक टी पेशी विषाणूने ग्रासलेली पेशी नष्ट करते. साहाय्यक टी पेशी बाकीच्यांना कामाला लावते. एचआयव्ही हा विषाणू साहाय्यक टी पेशींनाच गाठतो, आणि म्हणून उपचार न घेतल्यास सगळीच संस्था ढासळते. परीक्षेसाठी एवढे लक्षात ठेवावे : बी पेशींचे हत्यार त्यांच्यापासून सुटून रक्तात आणि इतर द्रवांत फिरते, तर मारक टी पेशीला स्वतः जाऊन भिडावे लागते.

प्रश्न : तापानंतर केलेल्या रक्ततपासणीत एकूण पांढऱ्या पेशी ३,८०० आणि लिम्फोसाइट ५२ टक्के आल्या. अहवालात ५२ या आकड्यापुढे जास्तची खूण आहे. माझी प्रतिकारशक्ती वाढली असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये, आणि आजार आहे असेही लगेच समजू नये. टक्केवारी हा भाग असतो. संख्या काढण्यासाठी ती एकूण पेशींनी गुणावी लागते. ३,८०० चे ५२ टक्के म्हणजे १,९७६. प्रौढांत दर घन मिलिमीटर रक्तात साधारण १,००० ते ४,००० लिम्फोसाइट असतात, म्हणजे आपल्या लिम्फोसाइट वाढलेल्या नाहीतच. कमी झाले आहेत ते न्यूट्रोफिल, आणि त्यामुळे उरलेल्यांचा वाटा मोठा दिसतो आहे. विषाणूजन्य तापानंतर काही दिवस असे चित्र नेहमी दिसते. एकूण पांढऱ्या पेशींची नेहमीची मर्यादा ४,००० ते ११,००० असल्याने ३,८०० हा आकडा किंचित खाली आहे. दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी आणि तोही अहवाल डॉक्टरांना दाखवावा. जाता जाता एक गोष्ट सांगतो. शरीरातील लिम्फोसाइटपैकी जेमतेम २ टक्के कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या ग्रंथी, पानथरी, अस्थिमज्जा, आतड्यांचे आवरण येथे असतात. त्यामुळे एका आकड्यावरून प्रतिकारशक्ती मोजता येत नाही. लहान मुलांचा अहवाल प्रौढांच्या मापाने वाचून धास्तावणारे पालकही बरेच आहेत. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : अपघातात माझ्या भावाची पानथरी काढावी लागली. आता तो अगदी ठीक आहे. पुढे काही काळजी घ्यावी लागते का?

उत्तर : होय, आणि ती आयुष्यभर घ्यावी लागते. पानथरी, म्हणजे प्लीहा, पोटाच्या डाव्या बाजूस फासळ्यांच्या आड असते. लसिकाग्रंथी लसिका गाळतात, तर पानथरी रक्त गाळते : म्हाताऱ्या तांबड्या पेशी ती काढून टाकते आणि रक्तात शिरलेले जंतू धरते. ज्या जिवाणूंभोवती शर्करेचे आवरण असते, त्यांना पकडण्यात तिचा वाटा मोठा आहे. म्हणून पानथरी नसलेल्या माणसाला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी यांच्याविरुद्धच्या लशी द्याव्या लागतात. आपल्या बंधूंना त्या मिळाल्या आहेत का हे शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत पाहावे. त्यांना कधीही ताप आला तर 'उद्या पाहू' असे म्हणू नये, कारण अशा रुग्णांत संसर्ग काही तासांत बळावू शकतो. कोणत्याही नव्या डॉक्टरांना पानथरी नाही ही गोष्ट आधी सांगावी.

प्रश्न : मुलाचे टॉन्सिल काढले. त्याची प्रतिकारशक्ती कमी होईल का?

उत्तर : जाणवण्याइतकी होत नाही. टॉन्सिल हा घशाशी असलेला लसिकाभ ऊतींचा पुंजका आहे, आणि अशा ऊती जिभेच्या मुळाशी, नाकाच्या मागे आणि आतड्यांतही भरपूर असतात. शस्त्रक्रिया योग्य कारणासाठी झाली असेल तर चिंता करू नये.

प्रश्न : मला धुळीची ॲलर्जी आहे आणि बहिणीला आमवात. दोघींनाही प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधे घेण्याचा सल्ला मिळतो. घ्यावीत का?

उत्तर : आपणा दोघींच्या आजारांत प्रतिकारसंस्था दुबळी नाही, ती नको तेथे कामाला लागली आहे. ॲलर्जीत धुळीतील सूक्ष्म किड्यांच्या निरुपद्रवी प्रथिनांविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात. ती मास्ट पेशींवर बसतात, आणि तो प्रतिजन पुन्हा आला की त्या पेशी हिस्टामाइन सोडतात. शिंका, पाणावलेले डोळे, खाज ही त्याची फळे. आमवातात सांध्यांच्या आवरणावरच हल्ला होतो. त्याला स्वयंप्रतिकार विकार म्हणतात, आणि टाइप १ मधुमेह, ल्युपस हेही त्याच गटातले. आपल्या बहिणीला डॉक्टर जी औषधे देतात, त्यांपैकी अनेक प्रतिकार दडपणारी असतात. अशा वेळी सोबत 'वाढवणारे' काही घेणे निदान तर्काला धरून नाही.

प्रतिकारसंस्थेला सैन्याची उपमा देण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ती पुरती पटत नाही, कारण या संस्थेचा निम्मा खटाटोप कोणावर हात उचलायचा नाही हे ठरवण्यासाठी चालतो. स्वतःच्या रेणूंना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी पेशी थायमसमध्येच मारल्या जातात. तेथे दाखल होणाऱ्यांपैकी फार थोड्या जिवंत बाहेर पडतात. त्यातूनही निसटलेल्यांना आवरण्यासाठी नियामक टी पेशी असतात. त्यांच्यावरील संशोधनासाठी मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गंभीर संसर्गात रुग्ण दगावतो तेव्हाही अनेकदा जंतूंपेक्षा शरीराच्या अनावर प्रतिसादाने, साइटोकाइन नावाच्या निरोप्या प्रथिनांच्या पुराने, अधिक हानी झालेली असते. प्रतिकार कमी पडतो तो कुपोषण, अपुरी झोप, अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान, काही औषधे आणि काही आजार यांमुळे, आणि त्या त्या कारणावर उपाय करता येतो. ज्या रोगांवर लस आहे त्यांच्याविरुद्ध प्रतिकार वाढवण्याचा सिद्ध मार्ग लस हाच आहे. सरसकट सगळी प्रतिकारशक्ती वाढवणारी गोळी असती, तर तिने आपल्या शिंकाही वाढवल्या असत्या.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत आईच्या काखेतील ग्रंथी काढल्या. वर्षभराने तो हात सुजू लागला आहे. लसिकेचा मसाज केल्याने शरीरातील विषारी द्रव्ये निघून जातात असे वाचले. तो करावा का?

उत्तर : या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निरोगी माणसाची विषारी द्रव्ये मसाजाने निघतात या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. आपल्या आईंना मात्र बहुधा लसिकाशोथ झाला आहे. काखेतील ग्रंथी काढल्यामुळे हाताकडची लसिका पुढे जाण्याचा मार्ग तोकडा पडतो, प्रथिनयुक्त द्रव साचतो आणि पुढे त्वचा जाड होऊ लागते. हत्तीरोगात हेच घडते, फक्त तेथे वाट बिघडवणारे डासांमार्फत आलेले कृमी असतात. सूज नव्याने आली असल्याने आधी शल्यविशारदांना दाखवून कर्करोग पुन्हा उद्भवलेला नाही आणि हाताच्या नीलेत गुठळी नाही याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून हलक्या हाताने करायचा मसाज, दाबपट्ट्या किंवा दाबाची बाही आणि ठरावीक व्यायाम असे एकत्रित उपचार केले जातात. सूज मऊ असतानाच ते सुरू झाले तर गुण अधिक येतो. त्या हाताला जखम, भाजणे, कीटकदंश यांपासून जपावे, त्वचा कोरडी पडू देऊ नये, आणि हात लाल व गरम झाला तर मसाज थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावा.